पाणी ओसरल्यानंतरचा धंदा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पूर, वादळ किंवा आगीनंतर छोटा व्यवसाय पुन्हा कसा उभा करायचा, याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही या अंकात घेतले आहेत. वाचू शकणारी बरीच यंत्रं आणि मिळू शकणारे बरेच पैसे पहिल्या दोन-तीन दिवसांच्या घाईत हातचे जातात. म्हणून यंत्रं, कागदपत्रं आणि विमा यांना जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : दुकानात कमरेएवढं पाणी होतं, काल ओसरलं. आज सकाळपासून दहा माणसं मदतीला उभी आहेत. सुरुवात कुठून करावी?

विजेपासून. मेन स्विचपर्यंत कोरड्या जमिनीवरून पोचता येत नसेल तर तिकडे जाऊच नका. वीज कंपनीच्या माणसाकडून बाहेरूनच पुरवठा तोडून घ्या. मेन बंद केला तरी इन्व्हर्टरची बॅटरी आणि छतावरचं सौर पॅनेल जिवंतच असतं, ते वेगळं तोडावं लागतं. बटण कोरडं दिसतंय म्हणून दाबून पाहणारा एक तरी माणूस प्रत्येक गर्दीत असतो. सगळ्या बोर्डांवर चिकटपट्टी मारून टाका.

त्यानंतर फोटो. फोटो होईपर्यंत झाडूला हात नाही. दहांपैकी दोघांना फक्त नोंदीवर ठेवा, त्यांना दुसरं काम सांगू नका. आधी दारातून आत जाताना सलग व्हिडिओ, मग प्रत्येक भिंत, प्रत्येक रॅक, प्रत्येक यंत्र आणि त्याची नेमप्लेट. भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटलेली असते तिला मोजपट्टी लावून, आकडा वाचता येईल इतक्या जवळून फोटो घ्या. धुवायला घेतलं की ही रेघ सगळ्यात आधी जाते आणि पाणी किती चढलं होतं याचा तेवढाच साक्षीदार असतो.

नोंदवहीत पाच रकाने पुरतात : मालाचं नाव, नग किंवा वजन, कुठे ठेवला होता, फोटोचा क्रमांक, अवस्था. लिहायला बॉलपेन घ्या, ओल्या हाताने जेलपेनची शाई पसरते. मालाचे ढीग तीन : चांगला, शंकेचा आणि गेलेला. गेलेला माल विमा कंपनीचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत फेकू नका. कुजून दुर्गंधी सुटली असेल आणि थांबणं शक्यच नसेल, तर विमा कंपनीला लेखी कळवा, मोजा, वजन करा, फोटो काढा, प्रत्येक प्रकारातला एखादा नमुना पिशवीत बांधून बाजूला ठेवा आणि मगच टाका.

शंकेच्या ढिगाबद्दल एक कसोटी : पत्र्याचा डबा पिचकलेला, गंजलेला किंवा फुगलेला नसेल तर लेबल काढून, धुऊन, निर्जंतुक करून वाचतो. फिरकीच्या झाकणाची बाटली वरून कितीही स्वच्छ दिसली तरी वाचत नाही, कारण आट्यांमध्ये गाळाचं पाणी शिरलेलं असतं. औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं पुराच्या पाण्यात भिजली असतील तर त्यांच्यावर वाद घालू नका, ती गेली.

मदतीला आलेल्यांना गुडघ्यापर्यंतचे बूट आणि रबरी हातमोजे हवेत. पायाला जखम असलेल्याला चिखलात उतरवू नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कोणाला ताप आला, तर पुराच्या पाण्यात काम केल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगायचं. लेप्टोस्पायरोसिसचा (दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा) संशय त्यांना त्यावरूनच येतो.

प्रश्न : तळघरातलं गोदाम छतापर्यंत भरलं आहे. मोठा पंप भाड्याने मिळतोय. एका रात्रीत पाणी काढून टाकायचं का?

नाही. तळघराबाहेरची माती पाण्याने तुडुंब असते आणि भिंतींवर आतल्या दिशेने दाब देते. आतलं पाणी उलट दिशेने तोच दाब पेलून धरतं. ते एकदम काढलं की भिंत आत फुगते किंवा फरशी खालून उचलली जाते. दोन ते तीन फूट पाणी काढा, भिंतीवर खूण करा आणि रात्रभर थांबा. सकाळी पाणी खुणेच्या वर आलं असेल तर बाहेरची जमीन अजून निथळलेली नाही, आणखी एक दिवस जाऊ द्या. खूण जागच्या जागी असेल तर पुन्हा दोन-तीन फूट काढा.

पेट्रोल किंवा डिझेलवरचा पंप तळघरात किंवा जिन्याच्या तोंडाशी ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. इंजिन उघड्यावर, दारं-खिडक्यांपासून किमान सहा मीटर लांब ठेवा, आत फक्त पाइप सोडा. जनरेटरलाही हाच नियम.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमधलं लेथ, ड्रिल मशीन आणि कॉम्प्रेसर दोन दिवस पाण्याखाली होते. वायरमन म्हणतो, मोटारी चार दिवस उन्हात ठेवू आणि चालू करू. चालेल का?

मोटारी जळतील. ऊन वरची ओल घेतं, वाइंडिंगच्या, म्हणजे मोटारीतल्या तारांच्या वेटोळ्यांच्या, आतली नाही. आणि पाण्याबरोबर शिरलेली माती व क्षार तर उन्हाने जागचे हलतही नाहीत. पण मोटारींच्या आधी लेथकडे बघा, कारण तिथे वेळ फार थोडा असतो.

मशीन पाण्याखाली असताना जेवढं गंजतं त्याहून भराभर ते उघड्या हवेत ओलं असताना गंजतं. म्हणून पाणी उतरताच, चिखल ओला असतानाच, स्वच्छ पाण्याने धुऊन घ्या. गाळ वाळला की तो स्लाइडवेवर, म्हणजे कॅरेज ज्या पट्ट्यांवर सरकतं तिथे, पॉलिश पेपरसारखा वागतो. तशा अवस्थेत कॅरेज सरकवलं तर ओरखडे कायमचे. धुऊन फडक्याने टिपा, पाणी हटवणारं पातळ तेल फवारा, मग घट्ट तेलाचा किंवा ग्रीसचा हात फिरवा. हेडस्टॉक आणि गिअरबॉक्समधलं तेल दुधाळ दिसेल, म्हणजे त्यात पाणी मिसळलंय. सगळं काढा, फ्लशिंग तेल भरून स्पिंडल हाताने फिरवा, तेही काढा, मग नवं भरा. ते नवं तेलसुद्धा पहिल्या काही तासांच्या कामानंतर पुन्हा बदलावं लागतं. ही दुसरी बदली बहुतेक जण टाळतात आणि सहा महिन्यांनी गिअर आवाज करायला लागतात.

आता मोटारी. क्रम असा :

मोटार उघडा, रोटर म्हणजे आतला फिरणारा भाग बाहेर काढा. स्टेटर (बाहेरचा स्थिर भाग) आणि रोटर स्वच्छ गोड्या पाण्याने, कमी दाबाने धुवा. प्रेशर वॉशरने वाइंडिंगचं इन्सुलेशन सुटतं. समुद्राचं पाणी शिरलं असेल तर एकदा धुऊन भागत नाही, कित्येक तास बुडवून पाणी बदलत राहावं लागतं. कंडक्टिव्हिटी मीटर (पाण्यातले क्षार दाखवणारा) मिळाला तर आत घातलेल्या आणि बाहेर आलेल्या पाण्याचं रीडिंग सारखं होईपर्यंत.

मग भट्टीत वाळवणं. तापमान हळूहळू ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत न्या आणि तिथेच धरा. घाईने शंभरच्या वर नेलं तर आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती इन्सुलेशन फाडून बाहेर पडते. बाहेरून काही दिसत नाही, मोटार मात्र पहिल्याच आठवड्यात शॉर्ट होते.

वाळवताना दर तासाला ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन रेझिस्टन्स मोजणाऱ्या मीटरने) वाइंडिंग ते बॉडी रीडिंग घेऊन लिहून ठेवा. सुरुवातीला रीडिंग चक्क खाली जाईल. घाबरू नका, तापमान चढताना इन्सुलेशन रेझिस्टन्स उतरतोच; ढोबळ मानाने दर १० अंशांना निम्मा होतो. पुढे ओल जाऊ लागली की आकडा चढतो आणि शेवटी एका जागी स्थिरावतो. स्थिरावल्यावरच वाळवणं पूर्ण झालं असं धरा. नेहमीच्या कमी व्होल्टेजच्या मोटारींसाठी आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या ४३ क्रमांकाच्या मानकानुसार ४० अंशांना किमान ५ मेगाओम लागतात. गरम मोटारीचं आणि थंड मोटारीचं रीडिंग शेजारी ठेवून तुलना करू नका. वायरमनची आणि तुमची वादावादी बहुतेक यावरूनच होईल.

बेअरिंग नवीच टाका, धुऊन जुनी बसवू नका. पाण्याने ग्रीस धुपलेलं असतं आणि बॉलवर डोळ्याला न दिसणारे गंजाचे ठिपके पडलेले असतात. व्ही-बेल्टही बदला. कॉम्प्रेसरचं क्रँककेस तेल, एअर फिल्टर आणि टाकीतलं पाणी काढल्याशिवाय तो फिरवूच नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन त्याला दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

पॅनेलमधली वीज जोडणारी-तोडणारी उपकरणं, म्हणजे एमसीबी, आरसीसीबी, कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले आणि फ्यूज, जर पाण्यात बुडाली असतील तर सरळ बदला. इथे कोणी काटकसर सुचवली तर ऐकू नका. बुडालेला एमसीबी वाळवून बसवला तर तो ‘ऑन’ होतो, लाइटही लागतात. त्याचं खरं काम ‘ऑफ’ होण्याचं असतं, आणि आतल्या स्प्रिंगच्या यंत्रणेत गाळ बसल्यामुळे तेच होत नाही.

पहिल्यांदा चालू करताना शाफ्ट हाताने फिरवून पाहा, बेल्ट उतरवून ठेवा, फिरण्याची दिशा तपासा. क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट घ्या. विनालोड करंट नेमप्लेटवरच्या आकड्याच्या बराच खाली आणि तिन्ही फेजना जवळजवळ सारखा हवा. अर्धा तास चालवून बेअरिंग तापतंय का बघा, मगच लोड द्या.

अर्ध्या-पाऊण हॉर्सपॉवरच्या छोट्या मोटारीला एवढे सोपस्कार परवडत नाहीत, नवी घ्या. आणि कोणतीही मोटार उघडण्याआधी नेमप्लेटचा फोटो आणि सर्व्हेअरची परवानगी, दोन्ही हातात ठेवा.

प्रश्न : बिलं, उधारीच्या वह्या, करारपत्रं सगळं भिजलंय. कॉम्प्युटरही बुडाला. काय वाचेल?

आधी ठरवा की काय वाचवायची गरजच नाही. बँकेची स्टेटमेंट, पुरवठादारांची बिलं, कराचे कागद दुसरीकडून मिळतात. मूळ सह्यांचे करार, मालकीचे कागद, परवाने आणि उधारीची वही यांच्यावर वेळ घाला.

भिजलेली वही उघडून पाहू नका. ओला कागद स्वतःच्या वजनाने फाटतो. ४८ तासांत बुरशी धरायला लागते, आणि तेवढ्या वेळात सगळं वाळवणं होणार नसेल तर गोठवा. साधारण पाच सेंटिमीटर जाडीचे गठ्ठे करा, प्रत्येक गठ्ठा बटर पेपरमध्ये गुंडाळा, क्रेटमध्ये सैल ठेवा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये टाका. साध्या डीप फ्रीझरने काम भागतं. गोठलेला कागद महिनोन्महिने तसाच राहतो. मग सवडीने एकेक गठ्ठा काढून वाळवता येतो.

वाळवताना दर आठ-दहा पानांनंतर कोरा, छपाई नसलेला टिपकागद घाला आणि तो दर काही तासांनी बदला. पंखा भिंतीकडे तोंड करून लावा, कागदावर नाही. ऊन नको, इस्त्री तर नकोच : बिलिंग मशीनच्या थर्मल पावत्या उष्णतेने पूर्ण काळ्या पडतात. गुळगुळीत चकचकीत कागद वाळताना एकमेकांना असे चिकटतात की वीट होते; ते ओले असतानाच सुटे करा, नाहीतर लगेच गोठवा. पान सुटलं की ओल्या अवस्थेतच मोबाइलने फोटो काढत चला. उद्या ते वाचता येईलच असं नाही.

कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क महत्त्वाची असेल तर चालू करून पाहण्याचा मोह आवरा. फिरणाऱ्या तबकड्या आणि वाचणारं टोक यांत केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतर असतं. तिथे गाळाचा कण अडकला की पहिल्याच फेरीत चर पडतो. ड्रायर मारू नका, धान्यात पुरू नका, स्क्रू खोलू नका. पाण्यात बुडालेली डिस्क पूर्ण वाळली की आतला गाळ तबकडीवर चिकटून बसतो, म्हणून ओलसर फडक्यात गुंडाळून हवाबंद पिशवीतून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या.

प्रश्न : सर्व्हेअर मालसाठ्याचा पुरावा मागतोय. स्टॉक रजिस्टर वाहून गेलं. शिवाय एजंट म्हणतो की दावा पूर्ण मिळणार नाही. असं का?

स्टॉक रजिस्टर नसलं तरी साठा हिशेबाने काढता येतो आणि सर्व्हेअर ती पद्धत मानतात. वर्षाच्या सुरुवातीचा साठा, अधिक त्यानंतरची खरेदी, वजा विकल्या गेलेल्या मालाची मूळ किंमत. उरतो तो नुकसानीच्या दिवसाचा साठा.

उदाहरण घ्या. सुरुवातीचा साठा ९ लाख, खरेदी ३१ लाख, विक्री ४० लाख. मागच्या दोन-तीन वर्षांच्या हिशेबावरून ढोबळ नफा विक्रीच्या २५ टक्के. म्हणजे विकलेल्या मालाची किंमत ३० लाख आणि शिल्लक साठा १० लाख.

इथे एक चूक वारंवार होते. २५ टक्के विक्रीवर आहेत की खरेदी किमतीवर, हे न बघता आकडा वापरला जातो. खरेदीवर २५ टक्के धरलं तर विकलेल्या मालाची किंमत ३२ लाख येते आणि साठा ८ लाख उरतो. एका शब्दाच्या गफलतीत दोन लाख गेले. दुसरी गोष्ट : वर्षात मोठा सेल लावला असेल तर त्या काळातला नफा कमी होता, तो काळ वेगळा काढून दाखवा, नाहीतर साठा खरा होता त्याहून जास्त दिसेल आणि सर्व्हेअरचा तुमच्या बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडेल. दुरुस्तीला आलेला गिऱ्हाइकांचा माल तुमच्या साठ्यात धरू नका, त्याची यादी वेगळी.

खरेदीचे आकडे पुरवठादारांच्या खातेउताऱ्यांवरून, विक्रीचे आकडे बँक, कार्ड आणि ऑनलाइन जमेवरून जुळवता येतात. पुरवठादाराकडून उतारा मागताना ‘त्याच्या वहीतलं आपलं खातं’ मागा, नुसती थकबाकी नाही.

आता दावा कमी का. तुमची पॉलिसी कदाचित कमी रकमेची असेल. बहुतेक मालमत्ता विम्यांत सरासरीचं कलम असतं. वरच्याच उदाहरणात माल १० लाखांचा होता, पण विमा ६ लाखांचा उतरवला. म्हणजे जोखमीचा ४० टक्के भाग तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतला होता. नुकसान ५ लाखांचं झालं तर ‘सहा लाखांच्या आत आहे, पूर्ण मिळेल’ असं वाटतं. मिळतात ५ चे ६० टक्के, म्हणजे ३ लाख, आणि त्यातूनही पॉलिसीतली ठरलेली वजावट जाते. हप्ता वाचवण्यासाठी रक्कम कमी धरण्याचा सल्ला देणारा एजंट हे गणित सहसा सांगत नाही.

आणखी दोन बारकावे. यंत्रांचा विमा बाजारभावाने आहे की नव्या यंत्राच्या किमतीने, हे पॉलिसीत पाहा. पहिल्या प्रकारात घसारा वजा होतो. आणि उरलेला माल वाचवण्यासाठी वाजवी खटपट करणं हे विमाधारकाचं काम असतं. ताडपत्री, पंप, हमालीची बिलं जपून ठेवा आणि दाव्यासोबत लावा.

प्रश्न : भिंतींना लगेच रंग देऊन दुकान उघडायचं आहे. किती दिवस थांबावं?

दिवस मोजू नका, ओल मोजा. साधारण ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा फरशीवर चारही कडांनी टेपने बंद करा आणि किमान १६ तास ठेवा. खाली बाष्प जमलं किंवा काँक्रीट काळपट झालं तर ओल बाकी आहे. भिंतीवरही हेच करून अंदाज घेता येतो. ओलीवर रंग दिला की पोपडे येतात, पाठोपाठ पांढरे क्षार. लाकडी चौकटी आणि रॅक यांची ओल मीटरवर १५ टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय रंग-पॉलिश नको.

जिप्सम बोर्डाची पार्टिशन असतील तर पाण्याच्या रेघेच्या वर किमान ३० सेंटिमीटरपर्यंत कापून काढा. बोर्ड दिव्याच्या वातीसारखं पाणी वर ओढतो. बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तरच खिडक्या उघडा. दमट दिवसांत खिडक्या बंद आणि डीह्युमिडिफायर चालू, हे जास्त उपयोगी.

बुरशीसाठी आधी साबणाच्या पाण्याने घासून धुवा, कारण चिखलावर ब्लीच वाया जातं. मग चार लिटर पाण्यात साधारण एक कप, म्हणजे २४० मिलिलिटर, घरगुती ब्लीच. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनरचं अॅसिड किंवा अमोनिया असलेलं काहीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. ब्लीच प्लास्टरच्या आत शिरत नाही, त्यामुळे वाळवण्याला तो पर्याय होत नाही.

प्रश्न : शेजारच्या गाळ्याला आग लागली. आमच्या झेरॉक्स आणि प्रिंटिंगच्या दुकानात फक्त काजळी आणि आग विझवायची पांढरी पावडर आली आहे. पुसून चालू करू का?

ओल्या फडक्याने पुसू नका आणि मशीन चालू करू नका. वायरींचं पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड निघतं, ते काजळीत असतं आणि हवेतल्या दमटपणाने त्याचं अॅसिड होतं. मशीन आज चालेल, दोन आठवड्यांनी कार्डाचे जोड हिरवे-पांढरे पडतील. एबीसी अग्निशामकाची पावडरही ओल शोषून धातू खाते, तीही एक-दोन दिवसांतच निघायला हवी.

हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली आणा, म्हणजे गंज थांबतो. एसी किंवा डीह्युमिडिफायर चालवा, पण एसीचा फिल्टर आधी बदला. हेपा (अतिबारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरच्या व्हॅक्यूमने, तोंड पृष्ठभागापासून थोडं वर धरून, काजळी ओढून घ्या. मग काजळी पाण्याशिवाय उचलणाऱ्या कोरड्या केमिकल स्पंजने वरून खाली, एकाच दिशेने. स्पंज काळा झाला की बाजू बदला, धुऊ नका. मशीन चालू केलं की त्याचा पंखा काजळी आत ओढतो. म्हणून आतलं काम सर्व्हिसवाल्याकडून झाल्यावरच प्लग लावा.

प्रश्न : हातात दीड महिन्याचे पैसे आहेत. पगार, भाडं, बँकेचा हप्ता, पुरवठादार सगळेच दारात. कोणाला आधी द्यावं?

तेरा आठवड्यांचा तक्ता करा. उभे तेरा रकाने, आठवड्याला एक. वर येणं, खाली देणं, तळाशी प्रत्येक आठवड्याची शिल्लक. येणं तेवढंच धरा ज्याची तारीख तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता. विम्याची रक्कम मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत शून्य. ज्या आठवड्यात शिल्लक उणे होते तो आठवडा आज कळला पाहिजे, कारण बोलणी आज करायची आहेत.

देण्याचा क्रम साधारण असा धरा : पगार, वीज, ज्याच्या मालाशिवाय धंदा सुरूच होत नाही तो पुरवठादार, मग भाडं. बँकेचा हप्ता शेवटी म्हणून सोडून द्यायचा नाही. तो चुकण्याआधी बँकेत जायचं. न चुकलेल्या खात्याला सवलत द्यायला बँकेला वाव असतो, चुकलेल्या खात्याला कमी. हप्ते तीन महिने पुढे ढकलले तरी व्याज थांबत नाही. ५ लाख बाकी, व्याज वर्षाला १२ टक्के, म्हणजे महिन्याला १ टक्का. तीन महिन्यांनी बाकी ५,१५,१५० होते. हे वाढलेलं व्याज पुढच्या हप्त्यात मिळवणार की मुदत वाढवणार, ते लेखी घ्या.

पुरवठादाराशी बोलताना ‘थोडं थांबा’ म्हणू नका. ‘जुनं खातं आजच्या आकड्यावर गोठवू, दर महिन्याला एवढे फेडतो, नवा माल रोखीने घेतो’ असं म्हणा. त्याचं नुकसान वाढत नाही हे त्याला दिसतं, आणि माल सुटतो.

पूर्ण दुकान उघडायचं की अर्धं, याचंही गणित करा. महिन्याचा ठरलेला खर्च ६०,००० आणि शंभराच्या विक्रीत ३० उरत असतील तर नुसतं बरोबरीत यायला २ लाख विक्री हवी. अर्धी जागा सोडून खर्च ४२,००० वर आणला तर १ लाख ४० हजारांत भागतं. पहिल्या तीन महिन्यांत यातली कोणती विक्री खरी वाटते? ज्या मालाचे पैसे लवकर फिरतात तोच आधी मांडा. रोजच्या गल्ल्यातून वसुली करणारं महागडं कर्ज या काळात घेऊ नका. ते त्याच गल्ल्यावर बसतं ज्यातून पगार द्यायचे असतात.

व्यवसाय खंडित झाल्याचा विमा असेल तर त्याची भरपाईची मुदत सहसा नुकसानीच्या तारखेपासून मोजतात, दुकान उघडल्यापासून नाही. तात्पुरती जागा, भाड्याचं यंत्र, जादा वाहतूक यांची बिलं त्याच दाव्यात लागतात.

प्रश्न : बंद काळात गिऱ्हाईक टिकवायचं कसं?

दारावर तारीख लावा, आणि पाळता येईल अशीच. काय चालू आहे तेवढंच लिहा. दुकानाचा फोन मोबाइलवर वळवून घ्या. तारीख एकदा पुढे ढकलली तर लोक समजून घेतात, दुसऱ्यांदा दुसरीकडे जातात.

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या एका दुकानदाराला आम्ही पंधरा-वीस जण मदत करू इच्छितो. आगाऊ कूपनं विकत घेण्याची कल्पना निघाली आहे. योग्य आहे का?

जपून. कूपन म्हणजे दुकानदाराच्या डोक्यावरचं कर्जच. १ लाखाची कूपनं विकली आणि शंभरात ३० सुटत असतील, तर पुढे त्याला ७०,००० चा माल खरेदी करून द्यायचा आहे, तेव्हा गल्ल्यात काही न येता. सगळे पहिल्याच महिन्यात कूपन घेऊन उभे राहिले तर दुकान दुसऱ्यांदा बुडेल. काढायचीच असतील तर दोन अटी घाला : दुकान उघडल्यावर तीन महिन्यांनी वापर सुरू, आणि कोणत्याही बिलात कूपन चौथा हिस्साच.

त्यापेक्षा तुमच्यापैकी ज्यांच्याकडे त्याची उधारी आहे त्यांनी ती आज फेडावी. याच्याइतकी स्वस्त मदत नाही. मग पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या पक्क्या ऑर्डरी, तारीख घालून, निम्मे पैसे आगाऊ. कोणाच्या गोदामात कोरडा कोपरा, कोणाचं यंत्र रात्रीच्या पाळीत वापरायला. हिशेबाची सवय असलेल्या एकाने रोज दोन तास बसून दाव्याचे कागद लावून द्यावेत. दुकानदाराला दिवसभर चिखल उपसून रात्री ते होत नाही. जुने कपाट-टेबल न विचारता पाठवू नका, ते ठेवायलाही वाळलेली जागा लागते.

पैसे देताना ते भेट आहेत की उसने, हे एका ओळीत लिहून दोघांनी सह्या करा. पंखे, एक्स्टेंशन बोर्ड, पंप नेऊन दिलेत तर त्यांवर नावाची पट्टी चिकटवा. पंधरा घरांतून आलेले पंखे पंधरवड्याने सगळे सारखेच मातकट दिसतात.